तालुक्याच्या गावातून बुद्धिबळ: आधी कोणतं पुस्तक, मग कोणतं सॉफ्टवेअर

जिंतूर, कळमनुरी, उमरगा, माजलगाव अशा ठिकाणचं एखादं लेकरू शालेय स्पर्धेत तालुक्यात पहिलं येतं आणि घरच्यांपुढे लगेच प्रश्न पडतो, की आता पुढे काय करायचं? रोज शिकवणारा प्रशिक्षक गावात नसतो. दर आठवड्याला संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरला ने-आण करणं प्रत्येकाला परवडत नाही. मग कुणी मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकून देतं, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफचा ढीग पाठवतं. सहा महिन्यांत पाच-पाच मिनिटांचे डाव भरपूर खेळून होतात, पण जिल्ह्याच्या स्पर्धेत हार मात्र पूर्वीसारखीच होते.

अशा घरांसाठी हे लिहितोय. नोकरी-धंदा सांभाळून मोठेपणी मनापासून खेळू लागलेल्यांनाही ते उपयोगी पडेल. माझं सांगणं मुख्यतः क्रमाबद्दल आहे. पट, पुस्तक आणि सॉफ्टवेअर तिन्ही लागतात, पण इंजिनाचं, म्हणजे चाली मोजून सर्वोत्तम चाल सांगणाऱ्या संगणक-प्रणालीचं, उत्तर सगळ्यांत शेवटी पाहायचं. त्याआधी स्वतःचा विचार कागदावर उतरलेला असला पाहिजे. हे पथ्य पाळलं तर एक पट, दोन-तीन पुस्तकं आणि फुकट मिळणारी सॉफ्टवेअर एवढ्या शिदोरीवर फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेचं रेटिंग, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा, मिळवता येतं आणि त्याच्या बरंच पुढेही जाता येतं.

आधी नियम तपासून घ्या

आपल्याकडे बरीच लेकरं आजोबांकडून किंवा पारावर बसून खेळ शिकतात. तो खेळ पुष्कळदा देशी नियमांचा असतो. प्यादं पहिल्या चालीतही एकच घर सरकतं, किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) नसतो, राजाला शह बसण्याआधी एकदा घोड्याची चाल करता येते, आणि शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं ज्या स्तंभात असेल त्या स्तंभाचं मोहरं होतं. हा खेळ जुना आणि सुंदर आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ हा मोठा ग्रंथ लिहिला. त्यातल्या नीतिमयूखात बुद्धिबळाचं वर्णन आहे. म्हणजे बुद्धिबळाच्या लेखी परंपरेशी मराठवाड्याचं नातं फार जुनं आहे.

स्पर्धा मात्र फिडेच्या नियमांनी होतात. म्हणून पहिल्या आठवड्यात या चार गोष्टी पटावर करून दाखवा: प्याद्याची पहिली दोन घरांची चाल, एन पासां (दोन घरं सरकून शेजारी आलेलं प्यादं जाता जाता मारणं), किल्लेकोटाच्या अटी, आणि शह नसताना चालच उरली नाही तर होणारी बरोबरी. त्यातही किल्लेकोट करताना राजा शहात असता कामा नये आणि ज्या घरावरून तो जातो त्या घरावर प्रतिस्पर्ध्याचा मारा असता कामा नये, हे घोकून घ्यायला हवं. पंचांना बोलावण्याची वेळ बहुतेक इथेच येते. ‘हात लावला तर तेच मोहरं चालवायचं’ हा नियमही घरच्या डावांपासूनच लावा. चाल परत घेऊ देणारं घर लेकराच्या डोक्यात चुकीची सवय बसवतं.

पट आणि नोंदवही

मोबाइलचा पडदा सपाट असतो. स्पर्धेतला पट आपण तिरकस कोनातून पाहतो आणि तिथे मोहरी एकमेकांआड उभी असतात. फक्त पडद्यावर सराव केलेल्या मुलाला खऱ्या पटावरचा लांबचा उंट दिसत नाही. म्हणून गुंडाळता येणारा रेक्झिनचा पट आणि प्लॅस्टिकची मोहरी, एवढी खरेदी सर्वांत आधी करा. स्पर्धेच्या मापाप्रमाणे राजाची उंची साधारण ९.५ सेंटिमीटर आणि घराची बाजू ५ ते ६.५ सेंटिमीटर असते. कडेला अक्षरं आणि आकडे छापलेलाच पट घ्या. घरात जुना लाकडी पट असेल तर अक्षरं पेनाने लिहून टाका.

नोंद करायला एक वेगळी वही ठेवा. स्तंभांना ए ते एच ही अक्षरं आणि ओळींना १ ते ८ हे आकडे असतात. मराठी पुस्तकांत मोहऱ्यांसाठी मराठी आद्याक्षरं वापरतात. परदेशी पुस्तकं आणि सगळी सॉफ्टवेअर इंग्रजी अक्षरं वापरतात: राजा के, वजीर क्यू, हत्ती आर, उंट बी आणि घोडा एन. के हे अक्षर राजाने घेतल्यामुळे घोड्याला एन मिळालं आहे. दोन्ही पद्धती यायला हव्यात. लिचेस या मोफत बुद्धिबळ संकेतस्थळावर घरं ओळखण्याचा सराव करून घेणारं एक पान आहे. रोज पाच मिनिटं तिथे घालवली की ‘एफ७’ म्हटल्याबरोबर डोळा थेट त्या घरावर जायला लागतो. पुस्तक वाचण्याचा वेग यावरच ठरतो, म्हणून हा कंटाळवाणा भाग टाळू नका.

पहिली पुस्तकं: इंग्रजीची भीती नको

‘पुस्तकं सगळी इंग्रजीत, आमच्या लेकराला कुठून समजणार?’ हा प्रश्न मी फार ऐकतो. याचं चांगलं उत्तर लास्लो पोल्गार यांच्या जाडजूड पुस्तकात आहे. तीन मुलींना घरीच बुद्धिबळ शिकवणारे हे हंगेरियन गृहस्थ. त्यांची धाकटी मुलगी युदित ही आजवरची सर्वांत बलाढ्य महिला खेळाडू मानली जाते. १९९४ साली इंग्रजीत आलेल्या त्यांच्या ‘चेस’ या पुस्तकात ५३३४ पटचित्रं आणि डाव आहेत. त्यांपैकी ३०६ कोडी एका चालीत मात करण्याची, ३४१२ दोन चालींत आणि ७४४ तीन चालींत मात करण्याची आहेत. पुढे छोटे डाव, सोपे शेवट आणि स्पर्धांमधल्या जोडचाली आहेत. चित्राखाली वाचण्यासारखं जवळपास काहीच नाही. मराठी माध्यमातल्या तिसरीच्या मुलीलाही हे पुस्तक तितकंच कळतं जितकं इंग्रजी शाळेतल्या मुलाला. खेळाडूच्या घरात एकच पुस्तक घ्यायचं असेल तर मी हेच घ्यायला सांगेन, कारण ते चार-पाच वर्षं पुरतं.

ते वापरायची रीत मात्र नीट समजून घ्या. एका चालीत मात करायची कोडी सलग सोडवा, दिवसाला बारा ते अठरा. मोहरी न हलवता, फक्त बघून उत्तर वहीत लिहायचं. दोन चालींच्या कोड्यात आपली पहिली चाल लिहून काम संपत नाही. समोरच्याची प्रत्येक शक्य चाल धरून तिच्यावरची मात लिहायची. चुकलेल्या कोड्याशेजारी पेन्सिलीने टिंब द्या आणि आठवड्याने फक्त टिंबवाली कोडी पुन्हा सोडवा. यातली अनेक कोडी रचलेली आहेत, प्रत्यक्ष डावात तशी स्थिती सहसा येत नाही. त्यामुळे एखादं कोडं दहा मिनिटांत सुटलं नाही तर सरळ पुढे जा. दोन चालींची सगळी कोडी संपवल्याशिवाय पुढे जायचं नाही असा हट्ट धरू नका.

अगदी कोरी सुरुवात असेल तर याच्याआधी ‘बॉबी फिशर टीचेस चेस’ चालेल. १९६६ सालचं हे पुस्तक एकेक प्रश्न विचारत पुढे सरकतं. आधी उजवीकडची पानं वाचत शेवटापर्यंत जायचं, मग पुस्तक उलटं धरून परत यायचं. त्याचा सगळा भर मात करण्यावर, विशेषतः शेवटच्या ओळीवर मात देण्यावर आहे. दोन-तीन आठवड्यांत संपतं, म्हणून विकत घेण्यापेक्षा कुणाकडून मागून आणलेलं बरं.

थोडंफार इंग्रजी वाचता येत असेल तर तिसरं नाव अर्व्हिंग चेर्नेव्ह यांच्या ‘लॉजिकल चेस: मूव्ह बाय मूव्ह’चं. यात ३३ डाव आहेत आणि प्रत्येक चालीचं कारण दिलेलं आहे. इंजिनच्या काटेकोर नजरेने पाहिलं तर त्यातल्या काही टिपा आज चुकीच्या ठरतात. तरीही ‘ही चाल का?’ असं प्रत्येक वेळी विचारायची सवय या पुस्तकाने जितकी लागते तितकी अ‍ॅपने लागत नाही. वडिलांनी किंवा ताईने रोज अर्धा डाव मोठ्याने वाचून मराठीत सांगावा आणि लेकराने पटावर मोहरी हलवावीत. पांढऱ्याची पुढची चाल कागदाने झाकून आधी अंदाज घ्या. हा खेळ घरात बुद्धिबळ न येणाऱ्या माणसालाही खेळवता येतो.

एंडगेमसाठी, म्हणजे थोडीच मोहरी उरलेल्या डावाच्या शेवटासाठी, जेरेमी सिलमन यांचं पुस्तक घ्यावं, कारण त्याची प्रकरणं खेळाडूच्या रेटिंगनुसार लावलेली आहेत. नवशिक्याने पहिलं प्रकरण वाचून पुस्तक मिटायचं आणि ताकद वाढली की पुढचं उघडायचं. लेखकाचीच ही सूचना आहे. ती रेटिंगं अमेरिकेतल्या पद्धतीची असल्याने आपल्या आकड्यांशी तंतोतंत जुळवत बसू नका.

दोन नावं मात्र सध्या कपाटाबाहेरच ठेवा: निम्झोविच यांचं ‘माय सिस्टिम’ आणि द्वोरेत्स्की यांचं ‘एंडगेम मॅन्युअल’. दोन्ही थोर पुस्तकं आहेत. पण जिल्हा पातळीच्या खेळाडूला ती फार लवकर भेट म्हणून मिळतात आणि वीस पानांनंतर तशीच पडून राहतात.

जुनी पुस्तकं आणि पीडीएफ

जुन्या पुस्तकांच्या दुकानात बुद्धिबळाचं पुस्तक दिसलं तर आधी मधलं पान उघडून नोंदपद्धत बघा. ‘पी-के४’, ‘एन-केबी३’ असं छापलेलं असेल तर ती जुनी वर्णनात्मक पद्धत आहे. तिच्यात पांढरा आणि काळा आपापल्या बाजूने ओळी मोजतात, त्यामुळे एकाच घराला दोन नावं पडतात. नव्या मुलाला यात गोंधळायला होतं. कापाब्लांका यांचं १९२१ सालचं ‘चेस फंडामेंटल्स’ गुटेनबर्ग प्रकल्पावर कायदेशीरपणे फुकट मिळतं, पण त्यातही हीच जुनी पद्धत आहे. मोठ्या माणसाने ती शिकून घ्यावी, एका संध्याकाळचं काम आहे आणि जुना खजिना खुला होतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्या बहुतेक चोरीच्या असतात आणि लिहिणाऱ्याच्या कष्टाचे पैसे बुडवतात. शिवाय फोनमध्ये दोनशे पुस्तकं असलेला खेळाडू त्यातलं एकही पूर्ण वाचत नाही, हे मी वारंवार पाहिलं आहे.

मोबाइल हातात आला की

बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि दिवसभर तो शेतावर किंवा कामावर जातो. बुद्धिबळासाठी ही सोय चांगलीच आहे. दिवसा पुस्तक आणि पट, रात्री तासभर फोन. अभ्यासाची विभागणी आपोआप होते.

सुरुवातीला लिचेस पुरेसं आहे. २०१० साली सुरू झालेली ही सेवा देणग्यांवर चालते. तिथे जाहिराती नाहीत आणि पैसे भरल्यावरच उघडणारा कोणताही भाग नाही. चेस डॉट कॉमवर खेळणारे जास्त भेटतात आणि धडे आकर्षक आहेत, पण फुकट खात्यावर कोड्यांना आणि डावाच्या परीक्षणाला मर्यादा येते. दोन्हीकडे खाती उघडायची गरज नाही.

डाव खेळायचा तर १५ मिनिटं अधिक प्रत्येक चालीला १० सेकंद या वेळेचा. दिवसाला एक, फार तर दोन. एक-एक मिनिटाच्या डावांवर घरात पूर्ण बंदी असावी असं मला ठामपणे वाटतं, निदान पहिली दोन वर्षं. त्या डावांत बोटं शिकतात, डोकं शिकत नाही.

लिचेसचं रेटिंग १५०० पासून सुरू होतं आणि पुरेसे डाव होईपर्यंत त्यापुढे प्रश्नचिन्ह दिसतं. ते पहिल्या आठवड्यात धडाधड खाली आलं तरी घाबरू नका. हा आकडा फिडे रेटिंगपेक्षा वेगळ्या मोजणीचा आहे. फिडेचं किमान रेटिंग १ मार्च २०२४ पासून १४०० झालं आहे, त्यामुळे ‘लिचेसवर १४०० म्हणजे फिडेतही १४००’ असा हिशोब चालत नाही.

कोडी विषयवार सोडवा. पोल्गारांच्या पुस्तकात मात भरपूर आहे, पण मोहरं जिंकण्याची उदाहरणं कमी. ती कमतरता इथे भरून काढायची. एक आठवडा फक्त दुहेरी हल्ला, पुढचा आठवडा पिन (मागच्या मोहऱ्यामुळे पुढचं मोहरं जखडणं), मग उघडा शह (पुढचं मोहरं हलताच मागच्याचा बसणारा शह), मग बचाव करणाऱ्या मोहऱ्याला हुसकावणं. तीन मिनिटांत जमतील तितकी कोडी सोडवण्याचा ‘स्टॉर्म’ मुलांना फार आवडतो. त्यापेक्षा ‘स्ट्रीक’ला बसवा. तिथे घड्याळ नाही, कोडी हळूहळू अवघड होतात आणि पहिली चूक झाली की मालिका संपते. अंदाजाने बोट लावायची सवय तिथेच मोडते.

समोर खेळायला माणूस नसेल तेव्हा स्टॉकफिश या इंजिनाची सोपी पातळी लावण्याऐवजी लिचेसवरच्या ‘माया’ बॉटशी, म्हणजे संगणकी खेळाडूशी, खेळा. स्टॉकफिशला मुद्दाम कमजोर केलं की तो वीस चाली उत्तम खेळतो आणि मधेच विनाकारण वजीर देऊन टाकतो. माया माणसांच्या लाखो डावांवरून शिकवलेली आहे, त्यामुळे तिच्या चुकाही माणसासारख्या असतात. माया-१, माया-५ आणि माया-९ अशा चढत्या ताकदीच्या तिघी आहेत. माया-१ पासून सुरुवात करा.

सिलमनच्या पुस्तकात वाचलेला शेवट पक्का करायलाही फोनचा फार उपयोग होतो. समजा हत्ती आणि प्याद्याची लुसेना स्थिती वाचली. ती लिचेसच्या विश्लेषण पटावर मांडा, ‘इथून पुढे खेळा’ हा पर्याय निवडा आणि पूर्ण ताकदीच्या स्टॉकफिशविरुद्ध जिंकून दाखवा. जिंकता आलं नाही तर वाचलेलं अजून मुरलेलं नाही. पटावर सात किंवा कमी मोहरी उरली असतील तर लिचेस टेबलबेस दाखवतं, म्हणजे प्रत्येक चालीचा अंतिम निकाल. तिथे मतभेदाला जागाच उरत नाही. प्रशिक्षक नसलेल्या गावात याहून भरवशाचा परीक्षक सापडणार नाही.

हरलेल्या डावाचं काय करायचं

या लेखातलं एकच प्रकरण वाचायला वेळ असेल तर हे वाचा. खेळाडू इथेच घडतो, आणि इथेच इंजिन त्याचं सर्वांत जास्त नुकसानही करतं.

डाव हरला की बहुतेक मुलं लगेच विश्लेषणाचं बटण दाबतात. पडद्यावर लाल प्रश्नचिन्हं येतात, आलेख खाली कोसळलेला दिसतो, ‘हां, इथे चुकलं’ म्हणतात आणि पुढचा डाव सुरू करतात. त्या वेळी आपण काय विचार करत होतो हे तोवर पुसलं गेलेलं असतं. तोच विचार पुढच्या रविवारी पुन्हा तीच चूक करवतो.

त्याऐवजी असं करा. त्याच दिवशी झोपायच्या आधी डाव वहीतून पटावर मांडा. रॅपिड स्पर्धेत नोंद सक्तीची नसते, त्यामुळे डाव संपताच मंडपात बसूनच निदान पहिल्या पंधरा चाली आठवून लिहायला शिकवा. मग इंजिनशिवाय, मराठीत, स्वतःच्या शब्दांत लिहायचं. पाठ असलेल्या चाली कुठे संपल्या? सर्वांत जास्त वेळ कुठे लागला आणि तेव्हा मनात कोणत्या दोन-तीन चाली होत्या? ‘आपण जिंकतोय’ किंवा ‘आता गेलं’ असं पहिल्यांदा कधी वाटलं? प्रत्येक ठिकाणी आता कोणती चाल योग्य वाटते, तीही लिहा. एवढं अर्ध्या तासात होतं. दुसऱ्या दिवशी मित्राला किंवा ऑनलाइन भेटलेल्या प्रतिस्पर्ध्याला त्याचं मत विचारा. मग, तिसऱ्या टप्प्यावर, इंजिन उघडा.

एक उदाहरण देतो. शालेय स्पर्धांत हा सापळा नव्या मुलांवर अजून लागू पडतो. पांढरा ई४, काळा ई५. घोडा एफ३, घोडा सी६. उंट सी४, आणि आता काळा घोडा डी४ वर उडी मारतो. ई५ वरचं प्यादं मोकळं दिसतं. पांढरा घोड्याने ते मारतो. काळा वजीर जी५ वर येतो. पांढऱ्याला वजीर आणि हत्ती एकदम दाबायचा मोह होतो, म्हणून घोडा एफ७ मारतो. काळा वजीर जी२ मारतो, पांढरा हत्ती एफ१ वर नेतो, काळा वजीर ई४ मारून शह देतो, पांढरा उंट ई२ वर आडवा घालतो आणि काळा घोडा एफ३ वर येऊन मात. सात चाली.

इंजिन इथे काय सांगतं? चौथ्या चालीला डी४ वरचा घोडा सरळ मारणं पांढऱ्याला चांगलं होतं. प्यादं मारल्यानंतरही पाचव्या चालीला उंटाने एफ७ वर शह देऊन पांढऱ्याला डाव सावरता आला असता. हे खरं आहे आणि कळायलाही हवं. पण या मुलाचा धडा दुसरा आहे. समोरच्याने प्यादं उघडं ठेवलं तेव्हा ‘का ठेवलं?’ असा प्रश्न त्याने विचारला नाही. वहीत त्याने आधी ‘फुकट प्यादं दिसलं म्हणून मारलं’ असं लिहिलं असेल तर धडा त्याच्याच अक्षरात समोर येतो. आकडे बघून तो कधीच आला नसता.

आकड्यांबद्दल थोडंसं. इंजिनचा अधिक १ म्हणजे पांढऱ्याकडे साधारण एका प्याद्याइतका वरचष्मा. अधिक ०.३ आणि उणे ०.२ यांतला फरक ग्रँडमास्टरसाठी असतो. जिल्हा पातळीवर तो सोडून द्या. जिथे आकडा एकाच चालीत दोन किंवा अधिकने घसरला तीच ठिकाणं तपासा. लिचेसवर ‘आपल्या चुकांतून शिका’ असा पर्याय आहे. तो चुकीच्या चालीपाशी थांबवून उत्तर न दाखवता दुसरी चाल शोधायला लावतो. उत्तर थेट पाहण्यापेक्षा हाच पर्याय वापरा.

शेवटी प्रत्येक चुकीला मराठीत नाव द्या आणि वहीच्या मागच्या पानांवर यादी ठेवा: ‘समोरच्याची धमकी पाहिली नाही’, ‘मारामारी मोजताना एक मोहरं विसरलो’, ‘वेळ संपत आली आणि घाई केली’, ‘जिंकत असताना ढिलाई’. महिन्याभरात एक-दोन नावं पुन्हा पुन्हा दिसू लागतात. पुढच्या महिन्याचा अभ्यास तोच. चुकीच्या स्थिती लिचेसच्या ‘स्टडी’त एकेक प्रकरण म्हणून साठवा. एका स्टडीत ६४ प्रकरणं मावतात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी हीच स्वतःची कोडी सोडवली तर बाजारातल्या कोणत्याही कोड्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

ओपनिंगला थोडाच वेळ

पांढऱ्याने एक सुरुवात, ई४ ला एक उत्तर, डी४ ला एक उत्तर. एवढ्यावर दोन वर्षं निघतात. ओपनिंगवरचं जाड पुस्तक घेऊ नका. लिचेसच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये मास्टरांचे डाव न पाहता सर्वसाधारण खेळाडूंचा साठा निवडा आणि रेटिंगची चाळणी आपल्या आसपासची लावा. आपल्याविरुद्ध प्रत्यक्षात कोणत्या चाली येणार हे तिथे दिसतं. प्रत्येक वेळी डाव जिथे पाठांतराबाहेर गेला तिथे फक्त एकच चाल पुढे शिकायची. चेसेबल या संकेतस्थळावरचे छोटे मोफत कोर्स यासाठी चालतात, कारण ते विसरायच्या बेतात आलेल्या चाली पुन्हा विचारतात.

लाइट नसताना, रेंज नसताना

अँड्रॉइडवर ड्रॉइडफिश हे मोफत अ‍ॅप ठेवा. त्यात स्टॉकफिश आहे आणि ते इंटरनेटशिवाय चालतं. डाव पीजीएन फाइलमध्ये साठवता येतात. पीजीएन म्हणजे डाव लिहिण्याची साधी मजकूर फाइल. कोणतंही बुद्धिबळ सॉफ्टवेअर ती उघडतं, म्हणून आपले सगळे डाव याच स्वरूपात एका जागी जपून ठेवा.

घरात विंडोजचा जुना लॅपटॉप असेल तर लुकास चेस हे फुकट सॉफ्टवेअर बसवा. वेगवेगळ्या ताकदीचे कितीतरी यांत्रिक प्रतिस्पर्धी आणि सरावाचे असंख्य प्रकार त्यात आहेत, सगळं ऑफलाइन. हजारो डावांत शोध घ्यायचा तर स्किड व्हर्सेस पीसी हे मोफत डेटाबेस सॉफ्टवेअर आहे. दर आठवड्याला जगभरचे ताजे डाव ‘द वीक इन चेस’वरून मोफत उतरवता येतात. ही सेवा १९९४ पासून चालू आहे.

चेसबेस हे व्यावसायिक खेळाडूंचं मुख्य हत्यार, पण ते विकतचं आहे आणि विंडोजवरच चालतं. प्रतिस्पर्ध्याचे डाव आधी शोधून तयारी करण्याची वेळ येते तेव्हा त्याचा खरा उपयोग. राज्य पातळीवर सातत्याने खेळू लागेपर्यंत ते पैसे स्पर्धेच्या प्रवेश फीवर आणि एसटीच्या तिकिटावर खर्च करा.

पुस्तकं विकत न घेता

परदेशी बुद्धिबळ पुस्तकं महाग असतात. आपल्या भागात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं तालुक्यातच काय, मोठ्या गावांतही आहेत आणि अनुदानातून दरवर्षी ग्रंथखरेदी करतात. ग्रंथपालांना लेखी मागणी द्या, चार-पाच पालकांच्या सह्यांनिशी. पोल्गार आणि सिलमन या दोनच नावांनी सुरुवात करा. पुस्तक कोरं राहावं म्हणून त्यात पेन्सिलीच्या टिंबांऐवजी कोड्याचे क्रमांक वहीत लिहायचे.

दुसरा मार्ग पालकांच्या गटाचा. एका तालुक्यातल्या पाच घरांनी प्रत्येकी एकच वेगळं पुस्तक घ्यावं आणि तीन महिन्यांनी फिरवावं. त्याच गटाने एक डिजिटल घड्याळ सामायिक घ्यावं, प्रत्येक चालीला सेकंद वाढवणारं. रविवारी कुणाच्या तरी ओसरीवर पट मांडून लांब वेळेचा एक डाव आणि नंतर दोघांनी मिळून विश्लेषण. फोन तोवर घरमालकाकडे.

आठवी-नववीत खेळ सुटतो, कारण लातूर-नांदेडच्या शिकवण्या आणि नीटची तयारी सुरू होते. त्या काळात स्पर्धा कमी करा, पण पोल्गारची सहा कोडी आणि आठवड्याला एक डाव चालू ठेवा. रोजची वीस मिनिटं अभ्यासाच्या आड येत नाहीत, आणि बारावीनंतर परत पटावर बसणाऱ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

स्पर्धेला निघताना

फिडे रेटिंग स्पर्धेत भाग घेण्याआधी अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडे नोंदणी करावी लागते. ती ऑनलाइन होते, पण शेवटच्या दिवशी करू नका. रेटिंग असलेल्या खेळाडूंविरुद्ध पाच डाव झाल्यावर पहिलं रेटिंग काढलं जातं, आणि हे डाव एकाच स्पर्धेत होतील असं नाही.

पिशवीत नोंदवही, दोन पेनं, पाण्याची बाटली, मात कोड्यांची दहा चित्रं लिहिलेला कागद. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात तोच कागद बघायचा, मोबाइलवर डाव खेळायचे नाहीत. फोन पालकांकडे बाहेर द्या. खेळण्याच्या जागेत फोन सापडला तर डाव गमवावा लागतो, तो वाजला नसला तरी. डावानंतर नोंदीच्या कागदाची आपली प्रत मागून घ्या आणि घडी न करता वहीत ठेवा. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून त्या कागदावर पेन्सिलीने पहिला प्रश्न लिहायचा: पाठ असलेल्या चाली कुठे संपल्या?